एजवेअरची तलवार

जपानी तलवार समोर आली की लोक आधी पातं उपसून बघतात. मी मूठ काढते. मुठीत एक छोटी बांबूची खुंटी असते. ती हलकेच ठोकून बाहेर काढली की मूठ सुटते आणि पात्याचा आत लपलेला भाग दिसतो. जपानीत त्याला नाकागो म्हणतात. हा भाग कुणी घासायचा नसतो, पुसायचा नसतो. त्यावरचा गंज तसाच राहू द्यायचा, कारण तलवारीचं खरं वय तिथेच कळतं. पात्याला नव्याने पॉलिश करता येतं, म्यान बदलता येतं, मुठीवरची दोरी परत गुंडाळता येते. सही तर सर्रास खोटी कोरतात. जुन्या गंजाची नक्कल मात्र सहसा जमत नाही.

हे मी फसल्यावर शिकले. इंग्लंडला, बेसिंगस्टोकला येऊन काही वर्षं झाली होती. आमच्याच रस्त्यावरचे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ वारले आणि त्यांचं घर रिकामं करणाऱ्या माणसाने गॅरेजसमोर सामान मांडलं. त्यात एक आखूड जपानी तलवार होती. नाकागोवर एका मोठ्या कारागिराची सही होती. मी ती हरखून घेतली आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. मग एकदा भिंग लावून पाहिलं, तर आजूबाजूचा गंज काळाकुट्ट होता आणि सहीच्या अक्षरांच्या खाचा आतून तांबूस, कोवळ्या. कुणीतरी जुन्या पात्यावर नवी सही कोरली होती. ती तलवार मी अजून ठेवली आहे, मुद्दाम.

ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर टेस्ट करण्याचं. म्हणजे समोरच्याने केलेल्या कामात काहीतरी चुकलेलं आहे असं गृहीत धरून सकाळी सुरुवात करायची. नवरा म्हणतो, "तुला संशय घेण्याचा पगार मिळतो, तरी घरी येऊन फुकट ओव्हरटाइम करतेस." त्याचं खरं आहे. हळूहळू मी पुस्तकं वाचली, लिलावांना गेले, जाणकारांच्या मागे लागून तलवारी हाताळल्या. वरच्या खोलीत एक कुलूपबंद कपाट झालं. मग ओळखीपाळखीतून लोक आपापल्या आजोबांच्या तलवारी दाखवायला आणू लागले.

त्यातल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या असतात. तेव्हा जपानच्या प्रत्येक अधिकाऱ्याला तलवार लागायची, म्हणून कारखान्यांत त्या धडाधड बनल्या. अशा तलवारीला फारशी किंमत नसते. पण काही अधिकाऱ्यांनी घरातलं पिढीजात पातं काढून त्याच्यावर लष्करी मूठ आणि लष्करी म्यान चढवलं होतं. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एकीत कारखान्याचं लोखंड असतं, तर दुसरीत तीनशे वर्षांपूर्वी कुणी महिनोन्‌महिने घडवलेलं पोलाद असू शकतं. मूठ काढेपर्यंत काहीच सांगता येत नाही, आणि माणसं नेमकी तिथेच आशा लावून बसतात.

स्लाऊला आमच्या मंडळाचा गणपती होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, आरती होऊन जेवणाची रांग लागलेली. पन्नाशीचा एक माणूस हातात मसालेभाताची प्लेट घेऊन माझ्याकडे आला. जन्म इथलाच, लंडनमध्ये एजवेअरच्या बाजूला त्याचं चष्म्याचं दुकान होतं.

"तुम्ही त्या स्वोर्डवाल्या ताई ना?" त्याने विचारलं. "माझा आजोबाचा एक तलवार आहे. जपानी. आजोबा बर्मामध्ये लढला होता, तिकडून आणला. बाबा आता घर विकून रिटायरमेंट फ्लॅटमध्ये जाणार, तिकडे तलवार अलाउड नाही. तर व्हॅल्युएशन पाहिजे होता."

तलवारीला तो शेवटपर्यंत 'तो' म्हणत राहिला. आधी मला त्याची गंमत वाटायची.

"कुणाला दाखवलीय आतापर्यंत?" मी विचारलं.

"एक डीलर आहे. घरी येऊन गेला एकदा. तो म्हणाला, बाहेरचा सामान मिलिटरीचा आहे पण आत फॅमिली ब्लेड असू शकतो. खूप ओल्ड. त्याला विकत घ्यायचा आहे, पण मला सेकंड ओपिनियन पाहिजे."

डीलर घरी येऊन गेला, हे ऐकून मी तिथेच सावध झाले. या धंद्यात चांगली माणसं आहेत. तरी एखादा डीलर आत काय असेल याबद्दल विकत घेण्याआधीच एवढं गोड बोलतो, तेव्हा त्याला नक्की काय हवंय हे विचारलेलं बरं.

पुढच्या शनिवारी मी एजवेअरला गेले. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. त्याचे वडील, मी त्यांना काका म्हणू लागले, पंच्याऐंशीच्या पुढचे, ताठ बसणारे, घरातही स्वेटरखाली टाय लावणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी स्वतः चहा केला, डब्यातला चिवडा बशीत काढला आणि मगच तलवारीचा विषय काढू दिला.

त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातले, फौजेत सुभेदार. बर्मात जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी रांगेत येऊन एकेक तलवार टेबलावर ठेवली होती. त्यातली एक सुभेदारांना मिळाली.

"ज्याची होती तो जपानी कॅप्टन ती ठेवताना रडला होता," काका म्हणाले. "बाबांनी मला कितीदा सांगितलंय. त्याच्या पणजोबांच्या पणजोबांची होती म्हणे. अशी वस्तू आहे ही."

"म्हणजे तो कॅप्टन तसं म्हणाला होता?" मी विचारलं. "कुठल्या भाषेत?"

काकांनी कप खाली ठेवला. "ते मला काय ठाऊक? बाबा खोटं कशाला सांगतील?"

मुलाने विषय बदलला आणि आतून तलवार आणली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. म्यान धातूचं, खाकी रंग बराच उडालेला. मुठीवरची दोरी तेलकट होऊन काळी पडली होती. मी पातं उपसायला गेले तर ते जागचं हललंच नाही. सूतभरही नाही. म्यानाच्या तोंडाशी काहीतरी चिकटून घट्ट बसलं होतं.

"गावी असताना आई दर खंडेनवमीला पूजा करायची," काका म्हणाले. "तेव्हा बाबा उपसून पाटावर ठेवायचे. पात्यावर ढगांसारखी नक्षी दिसायची, मला चांगली आठवतेय. इकडे आणली तेव्हापासून कुणी उपसली नाही. ह्याच्या आईला भीती वाटायची."

ढगांसारखी नक्षी म्हणजे धारेलगतची पांढुरकी रेघ. चांगल्या जुन्या पात्यात ती सुंदर असते. कारखान्याच्या पात्यातही असते, फक्त निर्जीव. लहान मुलाला दोन्ही ढगच वाटतील. हे मी मनात ठेवलं.

"डीलर आला तेव्हा त्याने ओढून पाहिली का?" मी विचारलं.

"त्याच्याच हातात होती बराच वेळ," काका म्हणाले. "मी चहा टाकायला आत गेलो होतो."

मुलगा तेव्हा दुकानात होता. म्हणजे डीलर आणि तलवार, दोघंच या खोलीत. चिकटलेलं पातं चहा होईस्तोवर बदलणं शक्य नव्हतं, हे माझं मलाच कळत होतं. तरी मी खिडकीशी जाऊन म्यानाचं तोंड निरखून पाहिलं. फटीत काळपट, लाखेसारखं काहीतरी भरलं होतं. ते जुनं वाटलं. पण जुनं वाटायला लावणं हाच तर काहींचा उद्योग असतो.

"हे इथे सुटणार नाही," मी म्हटलं. "थोडं थोडं तेल सोडत राहावं लागेल, आठवडाभर तरी. मी घरी नेऊ का?"

काकांना ते आवडलं नाही. ते तलवारीकडे बघत राहिले. "कधी घराबाहेर गेली नाही हो ती."

"बाबा, ताई एक्स्पर्ट आहेत," मुलगा म्हणाला. "जाऊ दे ना."

"बरं," काका शेवटी म्हणाले. "पण जशी नेताय तशीच आणा."

मुलाने फोनवर बाहेरून फोटो काढले. माझ्या भाच्याची क्रिकेटची जुनी किटबॅग मी अशा कामासाठी ठेवली आहे. तलवार तिच्यात घातली, कुलूप लावून ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि घरी निघाले. वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबले तेव्हाही गाडीजवळून हलले नाही, कॉफी तशीच राहिली.

घरी म्यानाच्या तोंडाशी रोज थेंबथेंब तेल सोडत होते. एका संध्याकाळी पातं सुटलं. मी ते टेबलावर ठेवलं, मूठ काढली आणि दिवा जवळ ओढला. पाहिल्यावर शंका उरली नाही. नाकागोवर कारखान्याच्या तपासनिसाचा बारीक शिक्का होता, वर मूठ-म्यान जुळवण्यासाठीचा आकडा पांढऱ्या रंगाने घातलेला. गंज काही दशकांचा, शतकांचा नाही. धारेची ती रेघ सरळसोट, एका साच्यातून काढल्यासारखी. पात्याच्या मुळाशी एक पितळी कंठा असतो, तो मात्र घट्ट चिकटला होता. मी जोर केला नाही. उत्तर मिळालंच होतं.

मी मुलाला फोन केला. "युद्धातलीच आहे, खरी आहे, पण कारखान्यात बनलेली. पिढीजात पातं नाही."

तो म्हणाला, "शुअर?"

"हो, शिक्का आहे. फोटो पाठवते."

"पण डीलर तर म्हणाला होता..."

"डीलरने आतलं पाहिलं नव्हतं."

"बाबांनी पाहिला होता," तो म्हणाला. "ढगवाला."

मी समजावून सांगितलं. तो "ओके, ओके" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर मला जाणवलं की त्याने एकदाही थँक यू म्हटलं नव्हतं. जो माणूस मीठ पुढे केलं तरी थँक यू म्हणतो, त्याच्या बाबतीत हे जरा खटकलंच.

दोन दिवसांनी त्या डीलरचा फोन आला. नंबर मुलाने दिला असणार. आवाज मऊ, बोलणं अतिशय सभ्य. त्याने विचारलं, मुठीखाली नक्की काय निघालं? मी म्हटलं, ते मालकांना विचारा. तो हसला आणि म्हणाला की आपण दोघं एकाच जातीची माणसं आहोत, कुटुंबांना या गोष्टी कळत नाहीत. तलवार सध्या तुमच्याकडेच आहे तर आपण दोघं मिळून काहीतरी सोयीचं ठरवू शकतो. मी फोन ठेवून दिला. हा मला चाचपून बघत होता, की खरंच म्हणत होता? की मुलानेच त्याला फोन करायला लावला होता, मी काय बोलते हे बघायला? त्या आठवड्यात मी साध्या गोष्टींचाही उलटा अर्थ लावत होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "परत देऊन टाक ताबडतोब."

पण परत द्यायला जायची वेळच आली नाही. रविवारी सकाळी बेल वाजली, दारात मुलगा आणि त्याची बायको. बायको इंग्रज, अवघडून हसत होती. मी पोहे करत होते. "या ना," म्हटलं. ते आत आले पण कोट काढले नाहीत.

मी तलवार आणून टेबलावर ठेवली, पातं उपसून दाखवलं, शिक्का दाखवला. मुलगा शिक्क्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"तुमच्याकडे पण तलवारी आहेत ना?" त्याने विचारलं. "बघू शकतो?"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. "कशाला?"

"जस्ट इंटरेस्ट."

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर त्याचा एकच अर्थ निघेल, हे मला कळत होतं. मी त्यांना वर नेलं, कुलूप काढलं. तो एकेक तलवार बघत होता, दुकानात चष्म्याच्या फ्रेम बघाव्यात तशी, जवळून, डोकं तिरकं करून. एका जुन्या पात्यापाशी तो थांबला. ते माझ्या संग्रहातलं सगळ्यात चांगलं पातं, धारेवर खरंच पावसाळी आभाळासारखे ढग.

"हा कुठून आला?"

"लिलावातून. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"ह्याच्यावर ढग आहेत."

"हो, आहेत."

त्याने फोन काढला आणि फोटो घेतला. विचारलंही नाही. त्याची बायको हळूच म्हणाली, "डार्लिंग, चल आता." माझ्या नवऱ्याने मागून विचारलं, "तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? स्पष्ट बोला."

मुलगा इंग्रजीत बोलला, एकदम सफाईदार, मराठीत कधीच बोलला नसता तसा. तो म्हणाला की आरोप करायला तो आलेला नाही. पण त्या डीलरने सांगितलंय की व्हॅल्युएशनला गेलेल्या तलवारींची पाती बदलली जातात, असं होतं, आणि त्यांच्याकडे आधीच्या पात्याचा एकही फोटो नाही.

ते तलवार घेऊन गेले. पोहे करपले होते. नवरा खिडक्या उघडत फिरत होता. मी वरच्या खोलीत जाऊन कपाटाला कुलूप घातलं आणि तिथेच जमिनीवर बसले. माझ्याकडे काय पुरावा होता? मी काढलेले फोटो माझ्याच घरात काढलेले. शिक्का मीच वाचलेला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, हे सगळ्यात वाईट होतं.

त्यानंतर स्लाऊला हळदीकुंकवाला गेले तर एक मैत्रीण बाजूला घेऊन म्हणाली, "ते तलवारीचं काय झालं गं? काहीतरी ऐकलं." काय ऐकलं ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या एका बाईने मला वाण देताना माझ्याकडे न बघता दिलं. असेल उगीच. त्या दिवसांत मला प्रत्येक पाठ फिरवलेली दिसत होती. ज्यांच्या तलवारी बघायचं ठरलं होतं त्यातल्या एका गृहस्थांनी कळवलं, सध्या घाई नाही.

त्याचबरोबर दुसरा एक विचार पोखरत होता. समजा काकांची आठवण खरी असेल. समजा खरंच जुनं पातं होतं. तर ते डीलरने नेलं असणार, आणि आता तोच माझ्याकडे बोट दाखवत होता. फटीतलं ते काळं चिकट मला पुन्हा पुन्हा आठवायचं. ती लाख होती का? डिंक होता का? पातं बदलून वरून काहीतरी भरून, चिकटल्याचं नाटक केलं असेल? एका भेटीत नसेल जमलं, पण आधी किती वेळा आला होता तो? काकांचं वय बघता ते विसरलेही असतील. हे मी कुणाला सांगितलं असतं तर माझ्याबद्दल आणखी वाईट मत झालं असतं.

शेवटी मी काकांनाच फोन केला. म्हटलं, "काका, एकदा तुमच्यासमोर सगळी तलवार उघडायची आहे. शेवटपर्यंत. तुमच्या टेबलावर, तुमच्या मुलासमोर. मग तुम्ही काय म्हणाल ते मला मान्य."

"या," ते म्हणाले. "मला पण झोप नाही."

ते अजून फ्लॅटमध्ये गेले नव्हते. खोकी आणखी वाढली होती. डायनिंग टेबलावर चादर अंथरलेली, मुलगा हाताची घडी घालून भिंतीशी उभा. चहा कुणी विचारला नाही. मी आधी सांगितलं की हात फक्त मी लावीन आणि प्रत्येक वेळी काय करतेय ते बोलून दाखवीन. मूठ काढली. शिक्का तोच, पांढरा आकडा तोच. म्हणजे निदान माझ्याकडून गेल्यावर कुणी काही केलं नव्हतं. हेही मी तपासलं, हे मुलाच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा आणखी आवळला.

मग तो पितळी कंठा. मी लाकडाचा ठोकळा लावून एकेक टिचकी देत राहिले. बराच वेळ काही नाही. मग तो एकदम सैल झाला आणि पात्यावरून मागे सरकला.

खाली पात्याला लालसर पिवळट थर चिकटलेला होता, कडक, पापुद्र्यासारखा.

"रस्ट," मुलगा म्हणाला.

मलाही आधी तेच वाटलं. पण गंज असा पिवळा नसतो. मी काही बोलायच्या आत काका उठले, चष्मा चढवला, वाकले. बोटाने तो थर खरवडला, चुरा दोन बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. मग तसेच उभे राहिले.

"बाबा?" मुलगा म्हणाला.

"कुंकू आहे," काका म्हणाले. "हळद पण. आणि खोबरेल." त्यांनी परत वास घेतला. "आई इथेच लावायची. अगदी मुळाशी. बाबा ओरडायचे, पात्याला लावू नकोस, गंजेल. म्हणून ती पितळेला लावायची आणि वरून तेलाचा हात फिरवायची. दर वर्षी. ते ओघळून आत जायचं."

म्यानाच्या तोंडाशी होतं ते लाखेसारखं काळं हेच. वर्षानुवर्षांचं तेल आणि कुंकू एकमेकांत घट्ट होऊन बसलेलं. पातं कुणी बदललं नव्हतं, मीही नाही आणि त्या मऊ आवाजाच्या डीलरनेही नाही. त्याच्यावर मी मनातल्या मनात लावलेला सगळा खटला निकालात निघाला होता. मला हायसं वाटलं आणि थोडी शरमही वाटली.

मुलगा टेबलाजवळ आला. त्याने त्या लाल चुऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, "बट... हे कुणी नंतर पण लावू शकतो ना?"

मला राग आला नाही, हे आठवतं. उलट वाटलं, हा प्रश्न मीही विचारला असता.

काकांनी मात्र टेबलावर हात आपटला. "गप्प बस. आईचा हात मला कळतो. समोर तुझी आजी बसलीय असं समज आणि गप्प बस."

मुलगा बाजूच्या खोक्यावर बसला. थोड्या वेळाने जमिनीकडे बघत "सॉरी, हं ताई," म्हणाला. मी ठीक आहे म्हटलं. फार ठीक नव्हतं, पण म्हटलं.

काका अजून पात्याकडेच बघत होते. माझ्यावरचा संशय गेला होता, पण त्यांच्या मनात आता दुसराच आला होता. त्यांनी तो हळू आवाजात विचारला.

"म्हणजे ही कारखान्यातलीच. तीच, पण कारखान्यातली."

"हो काका."

"मग तो पणजोबांचा पणजोबा? ते रडणं? बाबांनी मला थाप मारली?"

एखादं पातं कारखान्यात बनलं, एवढंच मी सांगू शकते. टेबलावर ते ठेवताना कोण रडलं, हे सांगू शकत नाही. मी तेच म्हटलं. "कारखान्याची तलवार कमरेला लावून माणूस चार वर्षं लढला असेल, काका. ती देताना त्याला रडू येऊ शकतं. बाकीचं तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं असेल, किंवा त्यांनी तसा समज करून घेतला असेल. त्यांनी काय पाहिलं ते मी कशी खोटं ठरवू?"

ते ऐकत होते की नाही कळलं नाही. त्यांनी कंठा स्वतःच्या हाताने जागेवर सरकवला. मूठ बसवायला मी मदत केली. मग ते म्हणाले, "ही तुम्ही घेऊन जा. नवीन फ्लॅटमध्ये चालत नाही. ह्याच्याकडे राहिली तर उद्या तो डीलर परत येईल. तुमच्याकडे राहू दे. विकत नाही, देतोय."

मुलाने मान वर केली. ते मी पाहिलं. स्लाऊच्या हॉलमधल्या बायकाही माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि ते कपाट, त्यात ही तलवार, आणि खाली कुणीतरी कोट न काढता उभं.

"नाही काका," मी म्हटलं. "मला नाही घेता येणार."

"का?"

"लोक म्हणतील, यासाठीच केलं सगळं."

काकांना वाईट वाटलं. तलवार परत लुगड्यात गुंडाळताना त्यांना गाठ मारता येईना, ती मुलाने मारून दिली.

तलवार शेवटी मुलाकडेच राहिली. डीलरने पुन्हा फोन केला होता, मुलाने त्याला सांगितलं, विकायची नाही. त्याचं कारण काय, काकांसाठी की अजून आत काहीतरी आहे अशी आशा म्हणून, ते मला माहीत नाही. काका फ्लॅटमध्ये गेले, तिथे त्यांना ब्रिज खेळणाऱ्यांचा ग्रुप मिळाला. मी एकदा भेटायला गेले तेव्हा आम्ही तलवारीबद्दल बोललो नाही. ते पत्त्यात कोण चोरून बघतं, याची तक्रार करत होते, आणि सांगता सांगता खुशीत होते.

आता मी कुणाचीही तलवार घरी आणत नाही. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्यासमोर बघते, आणि खोलीतून कुणी चहा करायला उठलं की हातातली वस्तू खाली ठेवून ते परत येईपर्यंत थांबते. लोकांना ते विचित्र वाटतं. गेल्या महिन्यात एक इंग्रज बाई हसून म्हणाल्या, अहो बघा ना, माझा विश्वास आहे तुमच्यावर. मी म्हटलं, थांबते, काही घाई नाही. त्या दोन कप घेऊन येईपर्यंत मी त्यांच्या बागेतल्या पक्ष्यांच्या फीडरवरची चिमणी बघत खिडकीशी उभी राहिले.